हृद्रोग विभागप्रमुखाचा शोध : विद्यापीठीय रुग्णालये नेता कसा निवडतात?

एखाद्या मोठ्या रुग्णालयाविषयी बोलताना खाटांची संख्या, नवी यंत्रसामग्री आणि नामवंत शल्यविशारद यांची चर्चा होते. त्या रुग्णालयातील एखाद्या विभागाचा प्रमुख कोणी आणि कोणत्या निकषांवर निवडला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक, पुढील दहा-पंधरा वर्षांत तेथे कोणते तरुण डॉक्टर येतील, कोणते संशोधन होईल आणि गरीब रुग्णाच्या वाट्याला कोण येईल, हे बऱ्याच अंशी त्या एका निवडीने ठरते. हृद्रोग विभागाच्या बाबतीत ही गोष्ट विशेषच खरी आहे. रुग्णालयाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा या विभागातून येतो, आणि मृत्यूशी सर्वाधिक वेळा गाठ पडणाऱ्या विभागांपैकीही तो एक असतो. अमेरिकेतील विद्यापीठीय रुग्णालयांनी या निवडीची एक सविस्तर पद्धत विकसित केली आहे. तिचे गुण-दोष समजून घेणे आपल्यालाही उपयोगाचे ठरेल.

पदाचे स्वरूप

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत हृद्रोगशास्त्र हा स्वतंत्र विभाग नसतो. मेडिसिन या मोठ्या विभागाची ती एक शाखा असते व तिला 'डिव्हिजन' म्हणतात. साहजिकच तिच्या प्रमुखाला दोन वरिष्ठ असतात. शैक्षणिक बाबतीत तो मेडिसिनच्या विभागप्रमुखाला उत्तरदायी असतो, तर कॅथ लॅब, अतिदक्षता कक्ष आणि परिचारिकांच्या नेमणुका यांसाठी त्याला रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे जावे लागते. या दोघांचे हितसंबंध नेहमी एकाच दिशेने जातात असे नाही.

रुग्णसेवा, अध्यापन, संशोधन आणि अर्थकारण ही त्याची चार कामे. त्यातील अध्यापनाची जबाबदारी मोठी आहे. अमेरिकेत तीन वर्षे मेडिसिनचे प्रशिक्षण पूर्ण केल्यावर हृद्रोगशास्त्राचे आणखी तीन वर्षांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. अँजिओप्लास्टीत प्रावीण्य मिळवायचे असेल तर त्यापुढे आणखी एक वर्ष, आणि हृदयाच्या ठोक्यांच्या अनियमिततेवरील उपचार शिकायचे असतील तर दोन वर्षे खर्ची पडतात. एवढा काळ शिकणाऱ्या डॉक्टरांसमोर आदर्श कोणाचा असावा, हे विभागप्रमुखाच्या निवडीतून ठरते.

अर्थकारण हा सर्वांत नाजूक भाग. वृद्धांसाठीच्या 'मेडिकेअर' या सरकारी विमा योजनेने १९९२ पासून डॉक्टरांच्या प्रत्येक कामाचे मूल्य ठराविक एककांत मोजण्यास सुरुवात केली. 'आरव्हीयू' या नावाने ओळखली जाणारी ही एकके आता अनेक संस्थांत डॉक्टरांच्या वेतनाशी जोडली गेली आहेत. ज्याचा दिवस कॅथ लॅबमध्ये जातो, त्याच्या खात्यात ती भराभर जमा होतात. विद्यार्थ्याला रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून झडपेचा आवाज ओळखायला शिकवणाऱ्याच्या किंवा प्रयोगशाळेत राबणाऱ्याच्या खात्यात फारसे काही पडत नाही. पहिल्याच्या कमाईतून दुसऱ्याचा वेळ सांभाळायचा, आणि तरीही पहिला नाराज होऊन खासगी व्यवसायात जाऊ नये हे पाहायचे, ही कसरत प्रमुखाला दरवर्षी करावी लागते.

त्यातच शल्यविशारदांशी असलेले जुने स्पर्धेचे नाते बदलले आहे. छाती न उघडता, मांडीतील रोहिणीतून नळी नेऊन महारोहिणीची झडप बसवण्याच्या 'टावी' या उपचाराला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी 'मेडिकेअर'ने या उपचाराचा खर्च देण्यासाठी हृद्रोगतज्ज्ञ आणि हृदयशल्यविशारद यांनी रुग्णाचा निर्णय मिळून घ्यावा, अशी अट घातली. ज्या प्रमुखाला शेजारच्या विभागाशी जुळवून घेता येत नाही, त्याला अशा उपचारांचे केंद्र उभे करता येणे कठीण.

शोध समितीचे काम

पद रिक्त होताच प्रथम हंगामी प्रमुख नेमला जातो आणि शोध समिती स्थापन होते. तिचा अध्यक्ष सहसा दुसऱ्याच विभागाचा प्रमुख असतो. हृदयशल्यचिकित्सा, रेडिओलॉजी, परिचर्या व प्रशासन यांचे प्रतिनिधी आणि काही तरुण अध्यापक तिच्यात असतात. अनेकदा व्यावसायिक शोधसंस्थेचीही मदत घेतली जाते. जाहिरात दिली जाते खरी, परंतु उत्तम उमेदवार बहुधा जाहिरात वाचून अर्ज करीत नाहीत. ते आपापल्या जागी स्थिर असतात. त्यांना दूरध्वनी करून, गळ घालून तयार करावे लागते.

पहिली फेरी पूर्वी विमानतळाजवळच्या हॉटेलात तासाभराच्या मुलाखतीने होत असे. २०२० च्या महासाथीनंतर ती बहुतांशी दूरचित्रसंवादाने होऊ लागली. दुसऱ्या फेरीत उमेदवार दोन दिवस रुग्णालयात येतो. तो सर्वांसमोर व्याख्यान देतो, पंधरा-वीस जणांना स्वतंत्रपणे भेटतो आणि शिकाऊ डॉक्टरांसोबत जेवतो. अनुभवी समित्या या शेवटच्या भेटीला फार महत्त्व देतात. वरिष्ठांशी गोड बोलणारा माणूस कनिष्ठांशी कसा वागतो, हे तेथे कळते. तिसऱ्या भेटीला जोडीदारही येतो, कारण त्याची नोकरी आणि मुलांची शाळा यांवर अनेक नेमणुका अडतात.

शिफारसपत्रांवर कोणी फारसे विसंबत नाही. उमेदवाराने ज्यांची नावे दिलेली नाहीत अशा जुन्या सहकाऱ्यांकडे, बहुधा उमेदवाराला पूर्वकल्पना देऊन, चौकशी केली जाते. डॉक्टरांवरील शिस्तभंगाच्या कारवाया आणि नुकसानभरपाईच्या प्रकरणांची राष्ट्रीय नोंद १९९० पासून तेथे ठेवली जाते, तीही तपासली जाते. समिती अखेरीस दोन-तीन नावे सुचवते. अंतिम निवड मेडिसिनचा विभागप्रमुख व अधिष्ठाता करतात.

खरी वाटाघाट त्यानंतर सुरू होते. जाणता उमेदवार स्वतःच्या पगाराबद्दल कमी आणि विभागाबद्दल अधिक बोलतो. किती नवे अध्यापक नेमता येतील, प्रयोगशाळेसाठी किती चौरस फूट जागा मिळेल, पहिली पाच वर्षे किती निधी मिळेल, तुटीचा भार कोण उचलेल, हे सारे नेमणुकीच्या पत्रात लिहून घेतले जाते. तोंडी आश्वासन देणारा अधिष्ठाता दोन वर्षांनी बदलला, तर नव्या प्रमुखाच्या हाती काहीच उरत नाही.

बॉस्टनचे उदाहरण

चांगली निवड किती दूरवर परिणाम करते, याचे उदाहरण म्हणून बॉस्टनमधील ब्रिगहॅम रुग्णालयाकडे पाहता येते. हे हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न रुग्णालय. १९७२ मध्ये तेथे मेडिसिनचे प्रमुख म्हणून यूजीन ब्राउनवाल्ड आले. १९२९ मध्ये व्हिएन्नात जन्मलेले आणि नाझींच्या तावडीतून बालपणीच सुटलेले ब्राउनवाल्ड स्वतः हृद्रोगतज्ज्ञ होते, आणि त्याआधी चार वर्षे सॅन दिएगोतील नव्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी मेडिसिन विभागाची उभारणी केली होती. हृद्रोग शाखा त्यांना स्वतःच्या हाती ठेवता आली असती. त्यांनी तसे केले नाही. १९७४ मध्ये त्याच विद्यापीठाच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातून आलेल्या थॉमस स्मिथ यांच्याकडे ती सोपविण्यात आली.

स्मिथ तेव्हा तरुण होते. डिजॉक्सिन या हृदयावरील औषधाचे रक्तातील सूक्ष्म प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवर त्यांनी काम केले होते. औषधाची मात्रा थोडी अधिक झाली तरी जिवावर बेतते, म्हणून हे मोजमाप मोलाचे होते. पुढे डिजॉक्सिनच्या विषबाधेवर प्रतिपिंडांचा उतारा रुग्णाला देण्याचा पहिला यशस्वी प्रयोग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. स्मिथ १९९७ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत प्रमुख राहिले. त्यांच्यानंतर १९९८ मध्ये आलेले पीटर लिबी २०१४ पर्यंत त्या पदावर होते. रोहिणीकाठिण्यात दाहाचा वाटा किती, या विषयावरील त्यांचे संशोधन सर्वत्र मान्यता पावले आहे. चाळीस वर्षांत केवळ दोन प्रमुख! हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवण्याच्या उपचारांचा अभ्यास करणारा 'टिमी' गट ब्राउनवाल्ड यांनी १९८४ मध्ये येथेच सुरू केला, त्यामागेही या स्थैर्याचा आधार होता.

जाणे आणि परतणे

न्यू यॉर्कमधील माउंट सायनायची कथा निराळी. बार्सिलोनात जन्मलेले व्हॅलेंटिन फुस्टर १९८१ पासून दहा वर्षे तेथे हृद्रोग शाखेचे प्रमुख होते. १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरलने त्यांना प्रमुखपदासाठी बॉस्टनला नेले. परंतु १९९४ मध्ये ते माउंट सायनायला परतले, आणि या वेळी संपूर्ण हृद्रोग संस्थेचे संचालक म्हणून. कारणे काहीही असोत, नामांकित माणूस आणि नामांकित संस्था एकत्र आल्या म्हणजे निवड टिकतेच असे नाही, हे यातून दिसते. आपला माणूस गेला तरी त्याच्याशी संबंध तोडू नयेत, हाही धडा माउंट सायनायने दिला. २०२२ मध्ये फुस्टर यांच्यानंतर संचालकपदासाठी निवड झाली ती दीपक भट्ट या भारतीय वंशाच्या हृद्रोगतज्ज्ञाची. ते ब्रिगहॅममधूनच आले.

कीर्तीचा धोका

बाहेरून कीर्तिमान संशोधक आणण्यात जोखीमही असते. हृदयाचे स्नायू मूलपेशींच्या साह्याने पुन्हा निर्माण होतात, असा दावा करणारे पिएरो अँव्हर्सा यांना ब्रिगहॅमने २००७ मध्ये संशोधन केंद्राचे प्रमुख म्हणून आणले. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेतील माहितीविषयी शंका उपस्थित झाल्या. सरकारी अनुदान मिळवताना बनावट माहिती वापरल्याच्या आरोपांवरून २०१७ मध्ये रुग्णालयाने एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. २०१८ मध्ये हार्वर्ड व ब्रिगहॅमने त्यांच्या प्रयोगशाळेचे एकतीस शोधनिबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस केली. शोधनिबंधांची संख्या आणि अनुदानाची रक्कम मोजणे सोपे असते. त्या निष्कर्षांची पुनरावृत्ती इतर प्रयोगशाळांना करता आली का, हे विचारायला वेळ आणि धैर्य लागते.

दुसरा दोष म्हणजे शोधाचे वर्तुळ लहान राहणे. अमेरिकेत हृद्रोगतज्ज्ञांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे सातात एक एवढेच आहे. साहजिकच समितीतील सदस्यांनी आपल्या ओळखीची नावे सुचवली की यादीत तीच ती माणसे येतात.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात चित्र वेगळे आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांची निवड लोकसेवा आयोगामार्फत होते. मुंबईत केईएम, शीव आणि नायर ही रुग्णालये महापालिका चालवते. विभागाचे प्रमुखपद सामान्यतः ज्येष्ठतेने मिळते. या पद्धतीत वशिल्याला वाव कमी राहतो, हा तिचा गुण मान्य केलाच पाहिजे. अमेरिकी पद्धतीत महिनोन् महिने पद रिकामे राहते आणि खर्चही मोठा होतो, हेही खरे. परंतु ज्येष्ठता म्हणजे नेतृत्व नव्हे. शिवाय आपल्या प्रमुखाला अध्यापक निवडण्याचा, निधी वळवण्याचा किंवा यंत्र दुरुस्त करून घेण्याचा अधिकारही अल्प असतो. पद असते, पदाला साधने नसतात.

अशा मर्यादांतही येथे मोठे काम झालेले आहे. केईएममधील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाविषयीचा निबंध १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष त्या वनस्पतीकडे वेधले. सार्वजनिक रुग्णालयात येणाऱ्या असंख्य रुग्णांमुळेच हा अभ्यास शक्य झाला. आज तेच रुग्ण आहेत, पण तरुण हृद्रोगतज्ज्ञ खासगी रुग्णालयांकडे वळत आहेत. त्यांना थांबवू शकेल असा माणूस प्रमुखपदी हवा.

त्यासाठी बॉस्टन वा न्यू यॉर्कची संपूर्ण पद्धत उचलून आणण्याची गरज नाही. काही गोष्टी मात्र नियमांच्या चौकटीतही करता येतील. पात्र प्राध्यापकांमधून प्रमुख ठरवताना निवासी डॉक्टर, परिचारिका आणि शेजारच्या विभागांचे मत विचारात घ्यावे. उमेदवाराने पुढील पाच वर्षांचा आराखडा लेखी द्यावा. त्या बदल्यात प्रशासनानेही कोणती पदे भरणार आणि किती निधी देणार, हे लेखी कळवावे. तिसऱ्या वर्षी दोन्ही बाजूंचा आढावा घेतला जावा. हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण मध्यरात्री दारात येतो, तेव्हा कॅथ लॅब सुरू आहे की नाही आणि तेथे हात चालवणारा कुशल डॉक्टर आहे की नाही, हे त्या रात्री ठरत नसते. ते काही वर्षांपूर्वी, प्रमुख निवडण्याच्या बैठकीत बरेचसे ठरून गेलेले असते.