२२ जुलै १७९३ : खडकावर रंगवलेली तारीख

फरचा व्यापारी अलेक्झांडर मॅकेन्झी या दिवशी आजच्या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर होता. हिंगूळ चरबीत कालवून त्याने बेला कूलाजवळच्या खडकावर स्वतःचे नाव, कॅनडातून जमिनीवरून आल्याचा उल्लेख आणि तारीख रंगवली. मेक्सिकोच्या उत्तरेला खंड आडवा ओलांडल्याची ही पहिली ज्ञात नोंद. लुईस आणि क्लार्क या अमेरिकन शोधकांच्या १२ वर्षे आधीची. १७८९ मध्येही तो पॅसिफिक शोधायलाच निघाला होता, पण नदीने त्याला नेऊन सोडले आर्क्टिकला! या खेपेस भूर्जसालीची होडी, १० माणसे आणि एक कुत्रा. नकाशा कोरा होता तो युरोपीयांचा. शेवटचा डोंगराळ टप्पा त्याने मूलनिवासी वाटाड्यांच्या मागोमाग, त्यांच्या मासळीच्या तेलाच्या जुन्या व्यापारवाटेनेच पार केला.