काळ्या पडद्याचा फेरा

रिद्धपूरला आमच्या टायपिंगच्या दुकानात विंडोज ९८चा जाडजूड मॉनिटर होता. कीबोर्डवरचा हात जरा थांबला की पडद्यावर रंगीत नळ्या वळायला लागायच्या. महानुभाव पंथातल्या गोविंदप्रभूंच्या दर्शनाला आलेली पोरं दारातच खिळायची. 'थ्रीडी टेक्स्ट'मध्ये मराठी फॉन्ट निवडून मी दुकानाचं नाव गरगर फिरवायचो. पण हा स्क्रीनसेव्हर नुसत्या हौसेसाठी जन्मला नव्हता. काचेमागच्या फॉस्फरवर एकच चित्र दिवसेंदिवस राहिलं, तर त्याचा डाग कायमचा बसे. आमच्या मॉनिटरच्या आधीचे कितीतरी पडदे मुळातच काळे, अक्षरं हिरवी. कागदासारखा पांढरा पडदा नंतर रुळला. मग काळा पडदा परतला: २०१९च्या अँड्रॉइड १०नं अख्ख्या फोनला डार्क थीम दिली. ओलेड पडद्यात काळा ठिपका विझलेलाच असतो, म्हणून बॅटरी वाचते. लोडशेडिंगमध्ये दुकान चालवलेल्या माणसाला हे पटवावं लागत नाही.