टू-स्ट्रोकचा हिशेब

आमच्याकडे एक बजाज चेतक आहे. १९९१ सालची. अप्पांनी घेतलेली, आता माझ्या नावावर. २०२६ मध्ये तिच्या नोंदणीची मुदत पुन्हा एकदा संपते, म्हणून घरात विषय निघालाय की ठेवायची की काढायची. नातेवाइकांतले निम्मे म्हणतात, राहू दे रे, अप्पांची आठवण आहे. लेक म्हणते, बाबा, केवढा धूर सोडते ती! दोघांचंही खरं आहे. म्हटलं, भावनेच्या भरात काही ठरवण्याआधी या टू-स्ट्रोकचा इतिहास एकदा नीट मांडून बघू. तोच इथे मांडतोय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आजच्या मुलांना हे सांगून पटत नाही, पण एके काळी स्कूटर विकत मिळत नसे, ती 'लागत' असे. नंबर लागायचा. बजाजने पियाजिओ या इटालियन कंपनीच्या परवान्यावर १९६०च्या सुमारास आकुर्डीला व्हेस्पा बनवायला सुरुवात केली. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. किती गाड्या बनवायच्या हे तेव्हा सरकारी परवान्यावर ठरायचं, त्यामुळे कारखान्याची इच्छा असली तरी हात बांधलेले. सत्तरच्या दशकात आठ-आठ, दहा-दहा वर्षं लोक वाट बघत. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला लवकर मिळायची, म्हणून आखातातल्या नातेवाइकाला अचानक भाव यायचा. नंबर लागलेली नवी गाडी दुसऱ्याच दिवशी जास्त किमतीला विकली जायची. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सने 'प्रिया' काढली, तरी रांग काही हटली नाही. १९८५ मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि औरंगाबादच्या कितीतरी घरांत 'बजाजला लागलाय' हे मुलाच्या लग्नातलं मोठं भांडवल झालं. आमची चेतक आली तोवर वाट बघणं वर्षांवरून महिन्यांवर आलं होतं.

हे एवढं सांगायचं कारण असं की जी वस्तू इतकी वाट बघून मिळते, ती माणूस टाकत नाही. दुरुस्त करतो. आणि टू-स्ट्रोक इंजिन दुरुस्तीसाठीच जन्माला आलंय. फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह, कॅम, चेन असा सगळा संसार. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरची भोकं उघडतो आणि मिटतो. सुटे भाग कमी, म्हणून बिघडणारेही कमी. सोयगावसारख्या ठिकाणी, जिथे कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणजे लांबची गोष्ट, तिथे लिंबाखाली बसणारा मिस्त्री दोन पान्यांवर इंजिन उतरवायचा. प्लग काळा झाला की पॉलिश पेपरने घासायचा, सायलेन्सर कार्बनने चोंदला की जाळून साफ करायचा. सकाळी गाडी चालू झाली नाही की ती एका अंगावर कलती करायची आणि मग किक मारायची, हा उपाय तर घरातल्या बायकांनाही पाठ होता. चेतकच नाही. दूधवाल्यांची एम-एटी, मास्तरांची लुना, पाटलांची राजदूत, आणि कॉलेजच्या पोरांचा जीव जिच्यावर होता ती यामाहा आरएक्स १००, सगळी एकाच जातीची.

या साधेपणाची किंमत मात्र हवेला मोजावी लागायची. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला वायू बाहेर जात असतानाच पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत येतं. दोन्हींची दारं काही क्षण एकाच वेळी उघडी असतात. त्यामुळे ताज्या पेट्रोलचा बराच हिस्सा, पाव भागापर्यंत किंवा त्याहूनही जास्त, न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. दुसरं म्हणजे ऑइल. इंजिनाला वंगण वेगळं नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. गाडीप्रमाणे लिटरला वीस ते चाळीस मिली. पण पंपावरचा पोऱ्या हातपंपाने सुटं ऑइल मारायचा तो अंदाजानेच, आणि गिऱ्हाईकही म्हणायचं, 'टाक जरा जास्त, इंजिनाला बरं.' इंजिनाला फार बरं नव्हतं आणि फुप्फुसांना तर मुळीच नव्हतं. तो निळा धूर म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, अर्धवट जळालेलं ऑइल.

कायदा यात उशिरा आला, पण आला. भारतात नव्या पेट्रोल गाड्यांच्या धुरावर पहिली मर्यादा १९९१ मध्ये आली. म्हणजे आमची चेतक त्या नियमाच्या पहिल्या पिढीतली. तेव्हा दुचाकीला किलोमीटरमागे आठ ग्रॅमच्या आसपास हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं इंधन, सोडायची मुभा होती. १९९६ मध्ये हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून ३.६ ग्रॅम झाली, २००० मध्ये २ ग्रॅम, २००५ मध्ये १.५, २०१० मध्ये १. आणि २०२०च्या बीएस-६ मध्ये नुसत्या हायड्रोकार्बनची मर्यादा ०.१ ग्रॅम. तीस वर्षांत आठावरून एक दशांशावर! कार्बोरेटरवाल्या साध्या टू-स्ट्रोकला या जिन्याच्या वरच्या पायऱ्या चढणं शक्यच नव्हतं.

दिल्लीत तर याहून कडक झालं. एम. सी. मेहता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये आदेश दिला की वर्षअखेरीपर्यंत पंपावर सुटं टू-टी ऑइल विकणं बंद करा, मिसळलेलंच द्या. हातपंपवाल्या पोऱ्याचा अंदाज तिथे संपला. पुढे २०१५ मध्ये हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायलाच मनाई केली. त्यावरचा वाद २०२५ मध्येही कोर्टात चालूच होता.

पण एक गंमत सांगू? आमच्या भागातून टू-स्ट्रोक गेली ती कायद्याने नाही. ती घालवली पेट्रोलच्या भावाने. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली ती लिटरला ऐंशीचा दावा करत. आमची चेतक चाळीस-पंचेचाळीस द्यायची, वर ऑइलचा खर्च वेगळा. शिवाय मोटरसायकलची चाकं मोठी, कापसाच्या वावरातल्या चाकोरीत न अडकणारी. शेतकऱ्याने हिशेब केला आणि स्कूटर उतरणीला लागली. बजाजने स्वतः टू-स्ट्रोक सोडली, मग २००९-१० च्या सुमारास स्कूटरच सोडली. २०२० मध्ये चेतक पुन्हा बाजारात आली ती विजेवर चालणारी. नाव तेच राहिलं, धूर गेला.

आता माझ्या खऱ्या प्रश्नाकडे येतो.

नियम दोन प्रकारचे असतात, असं हे सगळं वाचताना माझ्या लक्षात आलं. एक कारखान्याच्या दारावरचा. नवी गाडी अशी-अशीच बनवा, असं तो सांगतो. जुनीला तो हात लावत नाही, ती आपोआप मरेल यावर त्याची भिस्त असते. आणि दुसरा जागेच्या फाटकावरचा. तो म्हणतो, गाडी नवी असो की जुनी, इथून पुढे आणायची नाही.

फाटकाचा नियम बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. अजिंठ्याची लेणी आमच्याच सोयगाव तालुक्यात. पूर्वी गाड्या थेट लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जायच्या. या शतकाच्या सुरुवातीपासून फर्दापूरच्या टी-पॉइंटला खासगी वाहनं थांबवतात आणि पुढचे चारेक किलोमीटर बसने जावं लागतं. कारण उघड आहे. दीड-दोन हजार वर्षांची ती चित्रं, धूर-धुळीने गेली तर पुन्हा काढणारं कोणी नाही. असाच नियम अमेरिकेत ताहो नावाच्या तळ्यावर १९९९ मध्ये झाला. तिथे होड्यांच्या मागे लावायच्या मोटारी टू-स्ट्रोक असत. आमच्या चेतकसारखंच पेट्रोलमध्ये ऑइल, आणि न जळलेलं पेट्रोल थेट पाण्यात. ते पाणी लोक पितात. म्हणून तळ्यावर कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोकला बंदी आली. त्या लोकांच्याही शेडमध्ये वडिलांच्या मोटारी असतीलच की! अमेरिकेच्या सरकारने १९९६ मध्ये केलेला नियम मात्र पहिल्या प्रकारातला, म्हणजे नव्या मोटारी स्वच्छ बनवा असा.

सोयगावच्या बाजारपेठेला असं फाटक नाही. शाळेसमोरच्या रस्त्यालाही नाही. चित्रांची काळजी घ्यायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण माझी स्कूटर फर्दापूरला अडवली जाते आणि शाळा सुटायच्या वेळी शाळेपुढून जाऊ शकते, हे मला विचार करायला लावतं. टू-स्ट्रोकचा धूर चालवणाऱ्याला कधी लागत नाही, तो मागच्याच्या वाट्याला येतो. आम्ही तीस वर्षं 'काय गाडी आहे' म्हणत हिंडलो, कारण आम्ही नेहमी पुढे होतो.

पीयूसी आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे, आणि माझी गाडी त्यात पास होते. पण नियम असा की ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला ४.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि ९००० पीपीएम हायड्रोकार्बन चालतं. त्यानंतरच्या फोर-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ४५००. म्हणजे जुनीला तिच्या काळाच्या मापाने मोजायचं. हे न्याय्यच म्हणायचं. पण तपासणी होते गाडी उभी असताना, इंजिन आयडलिंगला ठेवून. वेताळवाडीच्या किल्ल्याजवळून हळद्याचा घाट डबलसीट चढताना ती काय सोडते, हे तिथे कळत नाही. आणि निळा धूर तर त्या यंत्राला दिसतच नाही, कारण पेट्रोल गाडीचा धूर मोजायची पद्धतच नाही, ती डिझेलला.

मग माझा आवडता बचाव राहतो, की मी चालवतो तरी किती! आठवड्याला दहा किलोमीटर. मी कागद-पेन घेऊन बसलो. वर्षाला पाचशे किलोमीटर. १९९१च्या मर्यादेत ती आजही आहे असं धरलं, तरी किलोमीटरला आठ ग्रॅमने झाले चार किलो. शेजारच्या पोराची बीएस-६ मोटरसायकल वर्षाला दहा हजार किलोमीटर पळते, पाचोरा-जळगाव रोजचंच. तिच्या मर्यादेने, ०.१ ग्रॅमने, झाला एक किलो. म्हणजे माझी हौस त्याच्या वर्षभराच्या पोटापाण्याच्या चौपट! हा आकडा बघून मी बराच वेळ गप्प बसलो.

उलट बाजूही मांडतो. सरकार जुनी गाडी ठेवूच नको म्हणत नाही, ठेवायची तर मोज म्हणतं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी दुचाकीला पूर्वी ३०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून १००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या दुचाकीला २००० केली. महाराष्ट्राचा पर्यावरण कर २०१० मध्ये आला, पंधरा वर्षांपुढच्या दुचाकीला पाच वर्षांचे २००० रुपये. नव्या सुरक्षित नंबरप्लेटचे साडेचारशे अधिक जीएसटी, विमा वेगळा. शिवाय गाडी दाखवायला छत्रपती संभाजीनगरला न्यायची, म्हणजे घाट चढून शंभरावर किलोमीटर. जळगाव त्याहून पुष्कळ जवळ, पण तो जिल्हा वेगळा, एमएच-१९. आमची एमएच-२०. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना २०२१च्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून वेगळा मान दिला, पण त्यासाठी आमच्या चेतकला २०४१ उजाडावं लागेल. तोवर ती ना नवी, ना वारसा. नुसती जुनी.

हे पैसे जाचक आहेत असं पूर्वी मला वाटायचं. आता वाटत नाही. उलट हिशेब केल्यावर असं वाटतं की कर किलोमीटरवर आणि जागेवर असता तर अधिक बरोबर झालं असतं. रोज धूर सोडणारा आणि महिन्यातून एकदा सोडणारा, दोघांना सारखाच आकडा.

तर मी ठरवलंय ते असं. भंगारात द्यायची नाही. नूतनीकरण करायचं, सगळे पैसे कुरकुर न करता भरायचे. इंजिनाला नव्या रिंगा घालून घ्यायच्या, ऑइल मापाने मोजूनच टाकायचं. चालवायची महिन्यातून एकदा, गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर. बाजारातून नाही, शाळेपुढून नाही, कोणी मागे असताना नाही. म्हणजे वर्षाला शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि चार किलोचा एक किलो. शेजारच्या पोराच्या बरोबरीला आलो! आणि ज्या वर्षी मिस्त्री सांगेल की आता धूर आवरत नाही, त्या वर्षी पेट्रोल काढून ती ओसरीत उभी करायची.

लेकीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "फाटक तुम्हीच बसवलंत म्हणजे, बाबा." बसवलं खरं. आता ते पाळलं जातंय की नाही, यावर तिचं लक्ष असणार आहे.