माहीमची खाडी आणि वांद्रे : पलीकडे जाण्याची किंमत

१/ वांद्रे आज मुंबईचे उपनगर आहे. पण कित्येक शतके ते मुंबईत नव्हतेच. मुंबई हे एक बेट, वांद्रे साष्टी या दुसऱ्या बेटावर आणि मध्ये माहीमची चिंचोळी खाडी. ही खाडी कोण ओलांडतो आणि तिची किंमत कोण मोजतो, यातच वांद्र्याचा इतिहास दडला आहे.

२/ १६४० मध्ये पोर्तुगीजांनी वांद्र्याच्या टोकावर किल्ला बांधला : कास्तेला द आग्वादा. 'आग्वादा' म्हणजे गोडे पाणी भरून घेण्याची जागा. जहाजांना येथे पाणी मिळे आणि माहीमच्या उपसागरावर नजरही राही.

३/ १६६१ च्या विवाहतहाने मुंबई इंग्रजांच्या वाट्याला आली. साष्टी मात्र पोर्तुगीजांनी सोडली नाही. खाडी आता सरहद्द बनली. वांद्रे आणि ठाणे येथील पोर्तुगीज जकातीवरून उभय सत्तांत वाद झडत राहिले.

४/ १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले, तर १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. मराठे माहीमसमोर येऊन ठाकतील, या धास्तीने इंग्रजांनी दिलेल्या सल्ल्यावरून वांद्र्याचा किल्ला पाडण्यात आला. पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टीवर चढाई केली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली.

५/ सरहद्द पुसली गेली, पाणी मात्र तेथेच राहिले. पलीकडे जायचे तर होडीचाच आधार, आणि पावसाळ्यात तो प्रवास जिवावर बेते. कंपनी सरकार खर्चास राजी होईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या. त्यांनी दीड लाखांहून अधिक रुपये दिले. अट एकच : वाटसरूंकडून पथकर घेऊ नये. १८४५ मध्ये माहीमचा बांधरस्ता खुला झाला.

६/ १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत लोकल धावू लागली आणि वांद्रे शहराच्या आणखी जवळ आले. रानवर, पाली यांसारखी ख्रिस्ती वस्तीची गावठाणे आणि चिंबईचा कोळीवाडा यांच्याभोवती हळूहळू उपनगर उभे राहिले.

७/ २००९ मध्ये याच उपसागरावरून वांद्रे–वरळी सागरी सेतू खुला झाला. त्यावर पथकर आहे. आवाबाईंच्या जुन्या वाटेने मात्र आजही कोणीही विनामूल्य खाडी ओलांडतो. माहीममधील लेडी जमशेटजी मार्ग हे नाव त्यांचेच. पण त्या नावामागची अट फारच थोड्यांना ठाऊक असते.