खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमध्ये ‘लाइव्ह रॉक’ किती ठेवायचा? किलोचं गणित कुठे चुकतं?

क्लाउनफिशच्या, म्हणजे ‘निमो’च्या टाक्यांचे रील पाहताना सगळ्यांची नजर माशांवर असते. पण खाऱ्या पाण्याची टाकी जिवंत ठेवण्याचं बरंचसं काम मागचे ओबडधोबड दगड करत असतात. ते कमी पडले, तर मासे स्वतःच सोडलेल्या अमोनियाने मरू शकतात. जास्त झाले, तर पाणी फिरत नाही आणि कोपऱ्यात घाण साचते. भारतात ते थेट समुद्रातून उचलले, तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं.

मग खडक नेमका किती हवा?

लाइव्ह रॉक म्हणजे काय?

नाव ‘जिवंत खडक’ असलं तरी दगड जिवंत नसतो. तो बहुतेकदा मेलेल्या प्रवाळांचा चुनखडीचा सांगाडा असतो. जिवंत असतं ते त्याच्या छिद्रांमधलं जग: जिवाणू, शेवाळ, बारीक किडे, स्पंज.

यातलं सगळ्यात मोठं काम जिवाणूंचं. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो माशांसाठी विषारी असतो. खडकावरचे जिवाणू आधी त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असतं, नायट्रेट त्या मानाने सौम्य. खडकाच्या आत खोलवर, जिथे ऑक्सिजन जवळपास पोहोचत नाही, तिथले वेगळे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो.

इंडोनेशियातले ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक वापरून समुद्री मासे पाळण्याच्या पद्धतीवर लेख लिहिला होता. पुढे हीच कल्पना जगभरातल्या हौशी लोकांनी उचलली.

‘गॅलनला एक ते दोन पौंड’ हा नियम काय सांगतो?

या छंदात वर्षानुवर्षं चालत आलेला हा नियम. आपल्या मापात सांगायचं तर एका लिटरला साधारण १२० ते २४० ग्रॅम खडक.

समजा, तुमची टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. तिची क्षमता सुमारे १९० लिटर. नियमाप्रमाणे खडक लागेल २३ ते ४६ किलो. म्हणजे एकच टाकी, पण उत्तर थेट दुप्पट!

अडचण वजनातच आहे. जिवाणूंना किलोशी देणंघेणं नसतं. त्यांना बसायला पृष्ठभाग हवा असतो. भरीव, जड दगडाचे २० किलो आणि जाळीदार, हलक्या दगडाचे २० किलो यांत जिवाणूंना मिळणारी जागा खूप वेगळी असते. ओला दगड तर काट्यावर पाण्याचंही वजन दाखवतो.

मग ठरवायचं कसं?

आधी तीन गोष्टी पाहा.

१. मासे किती? क्लाउनफिशची एक जोडी आणि आठ-दहा खादाड मासे यांचा कचरा सारखा नसतो. वरच्या १९० लिटरच्या टाकीत एकच जोडी ठेवायची असेल, तर १२ ते १५ किलो चांगल्या सच्छिद्र खडकापासून सुरुवात करता येते.

२. जागा किती उरते? खडकाची रचना टाकीच्या साधारण एक तृतीयांशपेक्षा जास्त जागा व्यापत असेल, तर थांबा. माशांना पोहायला आणि लपायला, दोन्हीसाठी जागा हवी. रचना काचेपासून थोडी लांब ठेवा, म्हणजे मागून पाणी फिरेल आणि काच पुसताही येईल.

३. बाकी यंत्रणा काय आहे? प्रोटीन स्किमर किंवा खालच्या संपमध्ये सिरॅमिकचे सच्छिद्र तुकडे असतील, तर सगळा भार खडकावर पडत नाही.

सुरुवात कमीपासूनच करा. खडक नंतर वाढवता येतो. पण मासे सोडल्यावर रचना उपसून खडक बाहेर काढणं म्हणजे टाकीत उलथापालथ.

खडक पुरेसा आहे हे कळणार कसं?

मासे आणण्याआधी चाचणी घ्या. टाकी सुरू झाल्यावर जिवाणू स्थिरावायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्यानंतर रिकाम्या टाकीत अमोनियाचं प्रमाण २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम होईल इतकं अमोनियाचं द्रावण घाला. २४ तासांनी टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, तर जिवाणूंची फौज तयार आहे. दिसले नाहीत, तर आधी वाट पाहा. लगेच आणखी खडक आणायला धावू नका.

यानंतरही मासे एकदम सोडू नका. एक-दोन करत वाढवा. नायट्रेट साचतच राहतं, त्यामुळे ठरावीक दिवसांनी थोडं पाणी बदलणं चुकत नाही.

मालवणहून एखादा दगड आणला तर?

आणू नका. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत, पण दगड बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली आहे. वाघाला मिळतं तेच वरच्या दर्जाचं संरक्षण. उल्लंघन केल्यास ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. ‘मेलेलंच होतं’ हे कारणही वाचवत नाही.

दुकानात ‘ओरिजिनल’ लाइव्ह रॉक दिसला, तर तो कुठून आला हे विचारा. कागदपत्रं नसतील, तर घेऊ नका.

याला सोपा पर्याय आहे: माणसाने बनवलेला सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा कोरडा खडक आणि बाटलीतले जिवाणू. त्याला जिवंत व्हायला थोडे जास्त आठवडे लागतात. पण त्यासोबत नको असलेले किडे येत नाहीत आणि समुद्रातला एकही प्रवाळ तुटत नाही. चार-सहा महिन्यांनी त्यावर शेवाळाचा जांभळट थर चढू लागला, की तोही तुमचा लाइव्ह रॉकच.