परवलीचा शब्द न उच्चारता

विंडोजवरून लिनक्सच्या मशीनवर पासवर्ड न देता जाता येतं, असं सांगितलं की आमच्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींना वाटतं, पोरानं दाराचं कुलूपच काढून टाकलं! खरं तर उलट आहे. आणि त्यामागची गोष्टही छान आहे. म्हटलं, आज तीच लिहावी.

परवलीच्या शब्दाची अडचण अशी, की तो उच्चारावा लागतो. पहारेकरी ऐकतो, तसा झुडपामागचाही ऐकतो. टेलनेटचं नेमकं हेच व्हायचं. पासवर्ड तारेवरून उघडाच जायचा. १९८३ मध्ये बर्कलेच्या युनिक्समध्ये आरलॉगिन आलं. त्यात पासवर्ड टाळायची सोय होती: अमक्या मशीनवरून तमका आला तर काही विचारू नका, असं एका फाइलीत लिहून ठेवायचं. म्हणजे पाहुणा कुठल्या गावाहून आला एवढंच बघून दार उघडायचं. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म इंटरनेटभर पसरला, तेव्हा या भाबडेपणाचाही त्यानं फायदा घेतला.

खरं उत्तर तोवर कागदावर आलेलं होतं. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये कल्पना मांडली आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमिर व अॅडलमन यांनी ती गणितात बसवली. किल्ल्या दोन. एक जगाला दाखवायची, एक स्वतःजवळ ठेवायची. दुसरीनं केलेली सही पहिलीनं तपासता येते. गुपित सांगावं लागतच नाही, ते आपल्याकडे आहे एवढं सिद्ध केलं की झालं.

हे रोजच्या वापरात आणलं ते फिनलंडच्या तातू युलेनेन यानं. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी चोरून पासवर्ड गोळा केले. त्यावर उपाय म्हणून त्यानं एसएसएच लिहिलं आणि जुलैमध्ये सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. पोर्टसाठी त्यानं रीतसर मेल लिहून २२ हा आकडा मागितला. २१ वर एफटीपी, २३ वर टेलनेट, मधली जागा रिकामी होती! दुसऱ्याच दिवशी मिळालाही. पुढे १९९९ मध्ये ओपनबीएसडीवाल्यांनी ओपनएसएसएच काढलं.

आपल्यासारख्या विंडोजवाल्यांचा तारणहार मात्र सायमन टॅथम. त्याची पुट्टी १९९९ पासून मिळते. पुट्टीजेन उघडायचं, रिकाम्या जागेत माउस वेडावाकडा फिरवायचा (त्यातूनच किल्लीसाठी बेभरवशाचे आकडे मिळतात), खाजगी किल्लीला एक लांबसं सांकेतिक वाक्य लावून ती जपून ठेवायची. जाहीर किल्लीची एक ओळ लिनक्सवरच्या 'ऑथराइज्ड कीज' या फाइलीत चिकटवायची. त्या फाइलीत दुसऱ्या कुणाला लिहिता येत असेल, तर सर्व्हर सहसा तिच्यावर विश्वासच ठेवत नाही. मग पेजंट, म्हणजे कोपऱ्यात टोपी घालून बसलेला तो छोटा संगणक, सकाळी एकदा वाक्य विचारतो आणि दिवसभर आपल्या वतीनं सह्या करतो. किल्ली घराबाहेर पडतच नाही. २०१८ पासून विंडोज १० मध्ये ओपनएसएसएच सोबतच येऊ लागलं, त्यामुळे पुट्टीवाचूनही भागतं.

सगळं इतकं गोड आहे का? नाही. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएलमधून कुणीतरी निरुपयोगी समजून काही कोड काढला. त्यानंतर एका जातीच्या मशीनवर, ठरावीक लांबीच्या जेमतेम ३२ हजार वेगवेगळ्या किल्ल्याच तयार होऊ लागल्या. मे २००८ मध्ये हे उघडकीला आलं, तोवर दीड वर्षाहून जास्त काळ लोटला होता. गणित बरोबरच होतं, खोट होती ती बेभरवशाच्या आकड्यांत. माउस फिरवणं पोरखेळ वाटतो ना? तो नाही.

मला मात्र जास्त काळजी वाटते ती 'ऑथराइज्ड कीज'ची. माणूस नोकरी सोडतो, त्याचं ओळखपत्र परत घेतात, निरोपाचा समोसा होतो, पण त्याची ती एक ओळ तिथेच राहते. पासवर्ड निदान अधूनमधून बदलावा लागतो. किल्लीची कुणाला आठवणही होत नाही, कारण ती कधी त्रासच देत नाही. इतकी वर्षं डोकं लढवून माणसांनी ओळख पटवायचा प्रश्न सोडवला, पण विश्वास कधी काढून घ्यायचा हे कुठलंही गणित आपणहून सांगत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं.

असो. आज वेळ मिळाला तर आपापल्या मशीनवरची ती फाइल एकदा उघडून बघा. प्रत्येक ओळ कुणाची, हे सांगता येतंय का?