सायकलचा नवा चष्मा आणि वाकडा दिसणारा रस्ता : आपली नजर कशी रुळते?

सायकल चालवणाऱ्यांसाठी मिळणारा, कानशिलापर्यंत वळलेला गॉगलसारखा चष्मा तुम्ही नंबर घालून बनवून घेतलात. अक्षरे स्वच्छ दिसतात. पण रस्त्यावर आलात की कडेचा दगडी कठडा धनुष्यासारखा वाकतो, जमीन जवळ आल्यासारखी वाटते, मान वळवली की सगळे दृश्य पाण्यावर तरंगल्यासारखे हलते. घरी येईपर्यंत डोके जड होते, मळमळते. असे रुग्ण कधी कधी 'डॉक्टर, बीपी बघा, चक्कर येतेय' म्हणत माझ्यासारख्या फिजिशियनकडे येतात. बीपी बहुतेक वेळा ठीक असते.

आमच्या न्हावा-शेवा भागात हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नाही. १९८९ मध्ये बंदर सुरू झाल्यापासून इथल्या रस्त्यांवर कंटेनरच्या ट्रेलरची रांग असते. पहाटे गव्हाण फाट्याकडून उरणच्या दिशेने सायकल मारणाऱ्याला खड्डा किती दूर आहे आणि मागचा ट्रेलर किती जवळ आला आहे, याचा अंदाज अचूकच हवा. म्हणून हा त्रास का होतो, किती दिवस सहन करायचा आणि कधी थांबायचे, हे समजून घेऊ. त्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल, कारण या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी स्वतःच्या डोळ्यांवर विचित्र चष्मे चढवून शोधले आहे.

आजीचा जाड भिंगाचा चष्मा

चष्म्याने जग वाकडे दिसण्याचा सर्वात मोठा अनुभव आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने घेतला. त्या काळी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातील नैसर्गिक भिंग काढून टाकत आणि त्या जागी काही बसवत नसत. विजापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. एम. सी. मोदी यांच्यासारख्या सर्जननी गावोगावी शिबिरे घेऊन असंख्य लोकांना दृष्टी दिली. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि शिबिरे आणखी वाढली. शस्त्रक्रियेनंतर मिळे तो सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, साधारण अधिक १० नंबरचा.

त्या भिंगातून प्रत्येक वस्तू सुमारे पाव पटीने मोठी आणि म्हणून जवळ दिसे. चहाचा कप धरायला गेलेला हात अलीकडेच थांबे. दाराची चौकट मधोमध आत ओढल्यासारखी दिसे. भिंगाच्या कडेभोवती एक आंधळे वर्तुळ असे, त्यामुळे बाजूने येणारा माणूस आधी दिसत नसे आणि मग एकदम समोर उगवे. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर दोन डोळ्यांतील प्रतिमांचा आकार जुळत नसे आणि एकाच्या दोन वस्तू दिसत. बरेच जण काही आठवड्यांत रुळले. काहींनी मात्र चष्मा फडताळात ठेवून दिला.

लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात केली होती. पण आपल्याकडे ते सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. १९९२ मध्ये मदुराईच्या ऑरोलॅबने स्वस्त भिंगे बनवायला सुरुवात केली, त्याचा यात मोठा वाटा आहे.

एकच चष्मा एकाला जमतो आणि दुसऱ्याला नाही, असे का? याचे उत्तर डोळ्यापेक्षा मेंदूत आहे.

उलट्या जगात आठ दिवस

१८६० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने एक साधा प्रयोग केला. प्रिझम लावल्यावर सगळे एका बाजूला सरकलेले दिसते. वस्तूकडे बोट नेले की नेम चुकतो. थोडा सराव केला की नेम बसतो. आणि प्रिझम काढल्यावर नेम पुन्हा चुकतो, पण आता उलट दिशेला! म्हणजे मेंदूने चूक मोजून तेवढी दुरुस्ती करून ठेवली होती, आणि चष्मा गेला तरी ती दुरुस्ती थोडा वेळ मागे राहिली.

१८९० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रॅटन याने याच्या पुढचे पाऊल टाकले. एक डोळा झाकून, दुसऱ्या डोळ्यावर सगळे दृश्य खालचे वर आणि डावीचे उजवीकडे करणारी भिंगांची नळी लावून तो आठ दिवस वावरला. रात्री डोळे बांधून घेई, म्हणजे सरळ जग एक क्षणही दिसू नये. सुरुवातीला मळमळ, गोंधळ, हात भलतीकडे. आठवड्याच्या शेवटी मात्र हालचाली बऱ्याच सहज होऊ लागल्या. नळी काढल्यावर खोली काही तास विचित्र वाटत राहिली.

सायकलस्वारांना आवडेल अशी गोष्ट ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची आहे. तिथे विसाव्या शतकाच्या मध्यात थिओडोर एरिसमान आणि ईवो कोलर यांनी लोकांना आठवडेच्या आठवडे उलटे दाखवणारे चष्मे घालायला लावले. काही दिवस अडखळल्यावर त्यांतले काही जण चक्क सायकल चालवू लागले. प्रिझमच्या चष्म्यांवर काम करताना कोलर यांच्या लक्षात आले की सरळ रेषांचे वाकणेही हळूहळू कमी होते. एवढेच नव्हे, भिंगाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळी विकृती असेल तर मेंदू दोन्ही बाजूंचा हिशोब वेगळा ठेवायला शिकतो. तुमच्या वळलेल्या चष्म्याच्या बाबतीत नेमके हेच घडायचे असते.

मग मळमळ का?

तुम्ही मान उजवीकडे वळवता तेव्हा डोळे आपोआप तेवढेच डावीकडे फिरतात, म्हणून दृश्य स्थिर राहते. हे काम अंतर्कर्णातील तोल सांभाळणारा भाग करतो. नव्या भिंगाने दृश्य थोडे मोठे किंवा लहान झाले की हे जुने माप चुकते. कान एक सांगतो, डोळा दुसरे. घाटात एस.टी. लागते त्याचेही मूळ अशाच विसंवादात आहे. १९७० च्या दशकात कॅनडातील मेल्व्हिल जोन्स यांनी डावे-उजवे पालटणारे चष्मे घालायला देऊन दाखवले की हे मापही काही आठवड्यांत बदलते.

आणखी एक धडा रिचर्ड हेल्ड यांच्या प्रयोगांतून मिळाला. प्रिझम लावून जे स्वतः हात हलवत होते ते लवकर रुळले. ज्यांचा हात दुसऱ्याने हलवला, त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. नजर शिकते ती कृतीतून. नवा चष्मा घालून सोफ्यावर मोबाइल बघत बसलात, तर रस्त्याची नजर तयार होणार नाही.

वळलेल्या भिंगाची खास अडचण

साध्या चष्म्यातही कडेने धूसर दिसते, ही तक्रार जुनी आहे. इंग्लंडच्या वोलॅस्टन याने १८०४ मध्येच सपाटऐवजी वाटीसारखी वळलेली भिंगे सुचवली. १९१२ मध्ये झाइसच्या मोरिट्झ फॉन रोर यांच्या गणितावरून बनलेली 'पुंक्टाल' भिंगे आली आणि भिंगाच्या कडेनेही स्पष्ट दिसू लागले. पण हे गणित भिंग डोळ्यासमोर साधारण सरळ उभे आहे, असे धरून होते.

१९८० च्या दशकात सायकलस्वारांचे चेहऱ्याला लपेटणारे चष्मे आले. ओकलीचा 'आयशेड्स' १९८४ चा. ऊन, वारा, धूळ यांपासून बचाव उत्तम, पण ते बिननंबरचे होते. अशा फ्रेममध्ये नंबरचे भिंग बसवले की ते जास्त गोलाकार होते आणि डोळ्यासमोर तिरके उभे राहते. तिरक्या भिंगात तुमचा नंबर प्रत्यक्षात बदलतो, नसलेला सिलिंडर नंबर तयार होतो आणि थोडा प्रिझमसारखा परिणामही होतो. चांगली प्रयोगशाळा हे सर्व मोजून भिंगाचा नंबर त्यानुसार बदलून घासते. नुसता कागदावरचा नंबर जसाच्या तसा घातला असेल, तर तो दोष आहे आणि तो सहन करत बसण्यात अर्थ नाही.

शिवाय सायकलवर तुम्ही पुढे वाकता, म्हणून भिंगाच्या वरच्या भागातून बघता. मागचा ट्रेलर बघायला मान वळवता तेव्हा तर अगदी कडेतून.

तुम्ही काय करावे?

- चष्मा घेताना दुकानात सायकलवरची बैठक करून दाखवा. फ्रेमचा वळण-कोन मोजून घेतला का, हे विचारा.
- नंबर मोठा असेल (साधारण ४ च्या पुढे), तर लपेटणाऱ्या फ्रेमऐवजी आत बसणारी छोटी नंबरची फ्रेम किंवा कॉन्टॅक्ट लेन्स यांचा विचार करा.
- पहिले दोन-तीन दिवस घरात, अंगणात चाला. जिने चढा-उतरा, चेंडू झेला. मग वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यावर सायकल. ट्रेलरच्या रस्त्यावर सर्वात शेवटी.
- रोज थोडा वेळ, पण नियमित घाला. दोन चष्म्यांत अदलाबदल केली तरी चालते, कारण सरावाने मेंदू दोन्हींची मापे वेगळी लक्षात ठेवतो. चष्मा काढल्यावर काही मिनिटे जग विचित्र वाटले तर घाबरू नका. हेल्महोल्ट्झचा उलट चुकणारा नेम आठवा.
- चाळिशी लागलेल्यांनी (आपल्या भाषेत वय आणि चष्मा दोन्हींना हा एकच शब्द आहे!) प्रोग्रेसिव्ह भिंग सायकलसाठी घेताना विशेष सावध राहावे. त्याच्या खालच्या भागातून रस्ता धूसर दिसतो.
- मधुमेह असेल तर साखर आटोक्यात असताना नंबर काढा. साखर वरखाली होते तसा नंबरही बदलतो.

साधारण दोन आठवड्यांत त्रास स्पष्टपणे कमी व्हायला हवा. झाला नाही, तर भिंगे आणि नंबर पुन्हा तपासून घ्या.

हा चष्म्याचा त्रास नाही!

चष्मा काढूनही एका डोळ्याला सरळ रेषा वाकडी दिसते, नजरेसमोर पडदा आल्यासारखे वाटते, अचानक प्रकाशाच्या ठिणग्या दिसतात, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. दृष्टिपटलाचा आजार असू शकतो. एकाएकी एकाच्या दोन वस्तू दिसणे, बोलणे अडखळणे, हात-पाय लुळा पडणे, चालताना तोल जाणे, ही मेंदूच्या झटक्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

मेंदू उलट्या जगातही सायकल चालवायला शिकतो, पण त्याला रोजचा सराव आणि बरोबर बनवलेले भिंग लागते. चष्मा जमत नाही म्हणून तो खिशात ठेवून, नंबराशिवाय ट्रेलरच्या रांगेत सायकल चालवणे, हा पर्याय मात्र कधीच निवडू नका.